तळाचा दगड

१४ एप्रिल

एकवीस फूट. मुरूम संपला, काळा दगड लागला! बापूंनी संध्याकाळी रुमालात बांधून एक कपची आणली. भिंगाखाली धरली — दाणे इतके बारीक की वेगवेगळे दिसतच नाहीत, आणि मधूनमधून सुईच्या टोकाएवढी भोकं. अगदी हवा तसा दगड. लाव्हाच्या थराचा माथा. माथ्याला हवा लागते, तो झटकन निवतो, म्हणून दाणे बारीक. आतली वाफ वर पळता पळता अडकते, म्हणून भोकं.

पुढचं गणित सोपं आहे. शेजारच्या शिवारातल्या तीन विहिरींत मी स्वतः टेप सोडून मोजलंय. तिन्हींत चाळीस फुटांच्या आसपास काळा संपतो, लाल मातीचा हातभर पट्टा येतो, त्याच्याखाली जुन्या थराचा भोकाभोकांचा माथा — आणि पाणी त्यातूनच. म्हणजे आमच्या विहिरीत अजून एकोणीस फूट. मे उजाडला की पाणी.

लागायलाच हवं. जागा मी दाखवली आहे. तांड्यातली चौतीस घरं, रोज प्रत्येक घरातून एक माणूस पाळीनं खणतंय, बिनमजुरीनं. आमची याडी दोन किलोमीटरवरच्या नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरून आणते आणि हंडा उतरवायच्या आधी विचारते, "कवा लागन व पाणी?"

१७ एप्रिल

रोज बापूंकडून कपची का मागवायची, स्वतः का उतरायचं नाही — हे फक्त या वहीत लिहिता येतं. बाहेर सांगायची लाज वाटते. एम.एस्सी. भूगर्भशास्त्र, आणि मला विहिरीपासून शंभर पावलांवर राखेची रेघ आखून दिली आहे! कारण मी पायाळू. जन्मताना डोकं नाही, पाय आधी आले. याडीचे दोन दिवस हाल झाले आणि तांड्याला पाणी दाखवणारी पोरगी मिळाली. पण पायाळूनं जागा दाखवायची आणि बाजूला व्हायचं. पाणी लागेपर्यंत विहिरीत डोकावायचं नाही, मलब्याला हात लावायचा नाही. डोकावली तर पाणी पळतं म्हणे. बापू कपची आणतात तीही रुमालात लपवून.

जानेवारीत देवळासमोर सभा होती. मी शाळेतून फळा आणला होता. जमिनीच्या पोटात असतो तो मॅग्मा, भेगांतून वर आला की लाव्हा, लाव्हाचे थरावर थर, दोन थरांच्या मधल्या काळात तयार झालेली लाल माती — तासभर बोलले. लोक जांभया देत होते. शेवटी देवीलाल नाईक बोलले. तांड्यात शब्द त्यांचाच चालतो.

"ते सारं राहू दे पोरी. तू पायाळू होय का नाई?"

मी हो म्हटलं. झालं! सगळे उठले, जागा ठरली. तेव्हाच म्हणायला हवं होतं की माझ्या पायांचा काही संबंध नाही. नाही म्हटलं. काम होत होतं ना! आता भोगा.

२३ एप्रिल

अठ्ठावीस. दाणे किंचित मोठे झालेत. बरोबरच आहे, थराच्या आत शिरलो.

बापू हल्ली शिकायलाच बसतात. आपली पाळी तर करतातच, वर ज्या घरात माणूस नाही त्यांचीही. दिवसभर पहार मारून आलेला माणूस, मूठ नीट मिटत नाही, तरी भिंग मागतो. एक डोळा तळहातानं झाकून बघतात. "हे चमकून राह्यलं ते काय व?"

मी पाकाचं सांगितलं. साखरेचा पाक परातीत पातळ ओतला तर लगेच निवतो, खडे धरायला वेळच मिळत नाही. पातेल्यात ठेवून हळूहळू निवू दिला तर मोठे खडे धरतात, खडीसाखरेसारखे. लाव्हाचं तसंच. थराच्या मधोमध उष्णता कोंडलेली, निवायला कित्येक वर्षं, म्हणून दाणे जाड. वर न येता जमिनीच्या पोटातच निवला तर आणखी जाड — तो ग्रॅनाइट, शहरातल्या स्वैपाकाच्या ओट्यावर असतो तो. आणि थराचा तळ थंड जमिनीवर टेकलेला, म्हणून तळाशी पुन्हा बारीक.

"म्हंजे बारीक झाला का तळ आला?"

"हो बापू. बारीक दाणे, बुडाशी लांबट भोकं, आणि लाल माती चिकटलेली. तसा दगड निघाला की समजा पाणी आलंच."

मान हलवली. दोनदा पुन्हा म्हणून घेतलं — बारीक, लांबट भोकं, लाल माती. माझा बाप चौथी शिकलेला. माझ्या वर्गातलं कोणी इतकं लक्ष देऊन ऐकत नव्हतं.

३० एप्रिल

चौतीस. दाणे आणखी मोठे. खरं तर आता लहान व्हायला लागायला हवे होते. असू दे. सहा फूट आहेत अजून.

५ मे

चाळीस. काळा.

६ मे

एक्केचाळीस. काळा. दाणे रव्याएवढे, भिंगाशिवाय दिसतात. देवा!

याडीनं विचारलं, "लागलं का?" मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष?

९ मे

चव्वेचाळीस. आज दुपारी कारण सुचलं.

मी थर पोळ्यांसारखे धरले होते. एकावर एक ठेवलेल्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या. गाढव! लाव्हा वाहतो तोही उताराकडेच. तो आला तेव्हा इथे दरी असणार. ती भरल्याशिवाय तो पुढे जाणारच नाही. शेजारच्या तिन्ही विहिरी दरीच्या काठावर, तिथे थर पातळ. आमची ऐन मध्यावर. इथे तो किती जाड आहे? सत्तर फूट? शंभर? दाणे इतके जाड म्हणजे आपण अजून त्याच्या पोटातच आहोत. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली गोष्ट आहे ही. मी तीन विहिरी मोजल्या आणि चौथी गृहीत धरली.

फक्त बापूंना सांगितलं. त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. मग, "मिरगाच्या आत होईन का?"

नाही होणार. रोज फूटभरही जात नाही. आणि मिरग लागला की माणसं पेरणीला जातील, उघड्या विहिरीच्या कडा ढासळतील. चौतीस घरांचा सगळा उन्हाळा मातीत. मी बापूंसमोरच रडले. ताट ढकललं, वरण सांडलं. ते सांडलेलं त्यांनी पुसलं.

११ मे

तीन दिवस दिलेत. नाईकांनी सांगितलं, तीन दिवसांत खूण दिसली नाही तर यारी उतरवायची. यारीनंच मलबा वर येतो. ती उतरली की विहीर संपली. त्या खड्ड्यात शेवाळ धरेल आणि पोरंसोरं म्हणतील, ही उर्वशीची विहीर.

समोरच्या विमलताईच तेवढ्या माझ्या बाजूनं बोलल्या. नवरा नाही त्यांना, पाळीला स्वतः येतात. "पोरीनं मोजूनच सांगतलं असन न!" माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही.

घास उतरत नाही. याडी ताट ठेवते, तसंच उचलते. बापू दारातून बघतात.

१२ मे

सेहेचाळीस. बारीक!!

तीनदा पाहिली. उन्हात नेऊन पाहिली. खरंच बारीक! कालपर्यंत रवा आणि आज मैदा. म्हणजे तळ जवळ आला. दरी होती, पण उथळ होती. मी उगाच घाबरले. बापूंना मिठी मारली. ते अवघडून उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना. म्हणाले, "आता जेव."

दोन भाकरी खाल्ल्या.

१३ मे

नाईकांकडे गेले, कपची हातावर ठेवली. आठ फूट, म्हटलं. फार तर दहा. ते कपचीकडे बघेचनात, माझ्या पायांकडे बघत होते. "तू म्हनतेस न? मंग खणू." यारी राहिली!

१८ मे

पन्नास. आजच्या कपचीला लांबट भोकं आहेत, आणि एका खाचेत चिमूटभर लाल माती! पुस्तकातल्या चित्रासारखी. लाव्हा ओल्या जमिनीवरून सरकतो तेव्हा खालची वाफ वर घुसते, तिच्या या नळ्या. तळाशिवाय कुठे मिळत नाहीत. चार फूट, बस.

एका कडेला तांबूस साल आहे, गंजल्यासारखी. दगड ओला असेल. ओल आली म्हणायची!

बापू खूप थकलेत. पाळी संपल्यावरही तासभर उशिरा येतात, नजर वर करत नाहीत. पाणी लागलं की त्यांना आठ दिवस खाटेवरून उठू देणार नाही.

२१ मे

विमलताईंची दोन बोटं गेली.

यारीची बादली भरून वर येत होती, दोर सरकला, बादली काठावर आपटली. त्यांचा हात मध्ये. उमरखेडला दवाखान्यात नेलंय. मी राखेच्या रेघेवर उभी होते, ओरडणं ऐकलं आणि तिथेच उभी राहिले. पुढे गेले असते तर पाणी पळालं असतं ना!

त्रेपन्न फूट झालेत. लाल माती नाही. बारा तारखेनंतर आपण थांबलो असतो तर त्यांची बोटं शाबूत असती. थांबू नका असं मी सांगितलं होतं.

२२ मे

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी देवळात गेले, विमलताईंसाठी हात जोडायला. नाईकांनी आठवडाभर मलबा देवळाच्या ओट्याभोवती टाकायला सांगितलाय. ट्रॉली नुकतीच रिकामी केलेली. कालचाच दगड. हात लावायचा नसतो, लावला. एक उचलला.

रव्याएवढे दाणे.

दुसरा उचलला. तिसरा. गुडघ्यांवर बसून वीस-पंचवीस पाहिले. सगळे जाड, सगळे पोटातले. एकालाही भोक नाही. घरी धावत आले, डब्यातल्या कपच्या काढल्या. बाराची, पंधराची, अठराची. या त्या विहिरीतल्या नाहीतच! तांबूस साल — ती वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या दगडालाच धरते. पन्नास फूट खाली कुठलं ऊन? मला दिसली होती ती. वहीत लिहूनही ठेवली. आणि वर काय, तर ओल आली! जे हवं होतं तेच बघितलं मी. सुवर्णपदक द्या मला.

बापू दुपारी आले. डबा त्यांच्यापुढे उलटा केला. नाकारलं नाही. डोक्याचं फडकं काढून हातात धरलं.

"तू जेवत नव्हतीस न बाई."

एवढंच! त्यासाठी? त्यासाठी दहा दिवस तीस माणसं उन्हात राबवली? त्यांना वाटलं होतं, तळ आज ना उद्या येईलच, तोवर पोरीला धीर. "दगड त तसाच होता न, तू सांगतलं तसा." मी उठून बाहेर गेले. बोलले असते तर काय बोलले असते कोण जाणे.

२३ मे

उद्या लिहावं असं वाटत होतं. पण उद्या मी हे बदलून लिहीन, म्हणून आत्ताच.

देवळासमोर सगळा तांडा. विमलताईंचा भाऊ नागोराव महागावहून आला होता, त्यालाच जास्त राग चढला होता. "कोनं सांगतलं व आठ फूट? माह्या बहिणीचा हात कोनं खाल्ला?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे. नाईक म्हणाले, "बोल पोरी."

मी म्हणू शकत होते की माझं चुकलं. खोटं नव्हतं ते. दरी मी विसरले होते, चाळीस फुटांचा अंदाज माझा चुकला होता, साल दिसूनही डोळे मी मिटले होते. यातलं काहीही तोंडातून निघालं नाही. घसा ताणून ओरडले, "दगडच खोटे होते! बापूंनी दुसरीकडचे आणून दिले!"

बापू ओट्याच्या कडेला बसले होते. नाईकांनी विचारलं, "हरिसिंग, खरं होय?"

"होय."

त्यांनी का केलं ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. कोणीतरी थुंकलं, त्यांच्या पायाजवळ. नागोराव त्यांच्या अंगावर धावून गेला, लोकांनी धरला. आणि मी — हे लिहायलाच हवं — मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभर. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

दुपारी यारी उतरवली.

२४ मे

बापू गेले. पहाटेच्या एसटीनं. मुकुटबनकडे चुनखडीच्या खदानीत माणसं घेतात म्हणे. दीडशेच्या वर किलोमीटर. त्या दगडाचा लाव्हाशी काहीही संबंध नाही. हे मला का सुचावं?

भिंग त्यांनी पुसून डब्यावर ठेवलं होतं.

२५ मे

फोन बंद.

२६ मे

फोन बंद. याडी माझ्याशी बोलत नाही. भाकरी करते, माझ्यापुढे सरकवते, आणि पाठ करून झिऱ्यावर जाते. मी मागे गेले तर म्हणाली, "तू राह्य घरी. पाय दुखतीन." इतकं झोंबलं की परत आले.

विमलताई दवाखान्यातून आल्या. हाताला हे एवढं बँडेज. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुह्या बापानं केलं, तू काहून मागतं?" तिथे तरी बोलायचं होतं. नाही बोलले. आता ती गोष्ट माझ्यामागे साऱ्या तांड्यात पक्की झाली आहे — हरिसिंगनं दगड बदलले, पोरगी बिचारी फसली.

२७ मे

दिवसभर पडून. उठावंसं वाटत नाही. बाहेर बायका हंडे घेऊन जातात त्यांचा आवाज येतो आणि मी उशी कानावर दाबते. मी नसते शिकले तर बरं झालं असतं. विहिरीला कोणी दुसरी जागा शोधली असती, बापू घरी असते. खरंच नको वाटतं सगळं.

२८ मे

कपच्या फेकून द्यायला डबा उघडला. अठराची हातात आली. दारात उभी राहून, फेकायच्या आधी, उगाच भिंग लावलं. सवय.

बारीक दाणे. बुडाशी नळ्या. खाचेत लाल माती.

मग तिथेच खाली बसले. हा दगड खोटा नाही! विहिरीतला नाही, एवढंच. पण थराच्या तळाचा आहे, शंभर टक्के तळाचा. नळ्या कोणी कोरून आणत नाही. म्हणजे बापू जिथून हे आणत होते तिथे तो काळा थर संपतो. तिथे लाल माती आहे, आणि लाल मातीखाली जुना माथा. पाळी संपल्यावर तासभर उशिरा यायचे, म्हणजे पायी जाऊन येण्याच्या अंतरावर. दरीचा काठ आहे तो! इतके दिवस मी त्यांना एकदाही विचारलं नाही — कुठून आणलेत? रागवायला वेळ होता, हे विचारायला नव्हता. शिकलेली!

त्यांना फोन लावला. बंद. बंद. बंद.

याडीच्या पुढ्यात जाऊन बसले. विचारलं, बापूंच्या माहितीत लाल माती कुठे आहे? ती कण्या निवडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवाईले ओट्याले लावतो ते कुठून येते? आभायातून?"

नाल्यापलीकडे, पळसाच्या मागे, दरड कोसळलेली आहे तिथून. दरवर्षी बापूच पाटीभर आणतात. मी लहानपणापासून त्या ओट्यावर बसून अभ्यास केला आणि कधी विचारलं नाही.

२९ मे

दरडीखाली बापूंनी खणलेलं दिसलं. पहारेचे ताजे घाव. कोसळलेली माती उपसून दोन हात आत गेले होते, एवढ्याशा कपच्यांसाठी! वर काळा थर, जेमतेम कमरेएवढा जाड, खाली रेघ मारल्यासारखी लाल माती. मी तिथे कपाळ टेकून रडले. मग कुदळ मारली.

नाईकांना सांगायला गेले होते. म्हणाले, "आता बस झालं व. तुह्या घरानं लय खणवलं." बरोबर आहे त्यांचं.

एकटीनं दिवसभरात तीन फूट. हाताची सालं निघाली.

३१ मे

काल याडी आली. पाटी उचलली. मी म्हटलं, पायाळूला खणायला चालतं का? ती म्हणाली, "आता कायचं पायाळू!" आज दुपारी विमलताई आल्या, डाव्या हातानं माती ओढायला. मी कुदळ टाकली आणि त्यांना सगळं सांगितलं. बापूंनी का केलं ते. माझं काय चुकलं ते. तीन विहिरी, दरी, साल, सगळं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तवा काहून नाई बोललीस?"

मी कुदळ उचलली. त्या उठून जातील असं वाटलं. बसल्या, पण पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत.

सहा फूट. अजून लालच. त्या तीन विहिरींत हातभरच होती, इथे थर जाड!

२ जून

सात फूट. लाल माती संपली, भोकाभोकांचा दगड लागला. कोरडा. भोकांत पांढरे खडे भरलेले, पाण्याला वाटच नाही.

कोरडा! हात आत घालून चाचपलं, सगळीकडे कोरडा. आता मात्र माझ्यात काही उरलं नाही. याडी म्हणाली, "उद्या अजून मार." तिला काय सांगू, की शास्त्र इथे संपलं?

फोन बंद.

३ जून

आठ. कोरडा. पाच दिवसांनी मिरग.

४ जून

पाणी.

नऊ फुटांवर, सकाळी, याडीच्या पहारेखाली. आधी दगड काळवंडला, मग घोट्यापर्यंत, आता गुडघ्याच्या वर. गार. सगळा तांडा धावत आला. नाईकांनी नारळ आणून माझ्या हातात दिला — "पायाळूनं दाखवलं!" मी म्हटलं, बापूंनी दाखवलं. कोणी ऐकेना. पुन्हा ओरडून सांगितलं, या वेळी सगळं, माझ्या चुकांसकट. नाईक म्हणाले, "त्याचं नाव नको काढू आज. फोड." नागोरावासारखे चार जण हसले.

पाणी दाखवणाऱ्याच्या हातून नारळ फुटल्याशिवाय आमच्याकडे नव्या पाण्याला कोणी हंडा लावत नाही. मी नारळ पिशवीत घातला. दाखवणारा मुकुटबनला आहे, म्हटलं, त्याला घेऊन येते. तोवर जा झिऱ्यावर. खूप आरडाओरडा झाला. याडी खड्ड्याच्या तोंडाशी पहार आडवी घेऊन बसली आहे. अकराची एसटी आहे.